फौजेचं दळण

एक शिपाई दिवसाला किती पीठ खातो, सांगा.

नाय ना येत? टपरीवर बसून कुठलं मिसाईल किती लांब जातं ते तोंडपाठ सांगता. कुणाचं विमान कुणी पाडलं, नकाशा किती सरकला, सगळं मोबाईलवर बघून मोकळे. पण तेवढी माणसं एखाद्या गावात येऊन बसली की सकाळी त्यांच्या ताटात भाकर कुठनं येते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाय. सुचलं ते मुकुंदवाडीतल्या कडूबाईला. कारण तिची पिठाची गिरणी आहे, आणि ती कादंबरी लिहितेय.

हसू नका. गिरणीवाल्या बाईनं कादंबरी लिहू नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? मुकुंदवाडी स्टेशनाकडून आत येणाऱ्या गल्लीत दहा बाय बाराचं शटर. आत एक चक्की गव्हा-ज्वारीची, एक डाळीची, कोपऱ्यात खुर्ची, खुर्चीवर कडूबाई. वय सत्तावन्न. भुवया, पापण्या, डोक्याला बांधलेला रुमाल, सगळं पांढरंफेक. संध्याकाळी तोंड धुतल्यावर खरी बाई दिसते. माहेर लासूर स्टेशनचं, शिक्षण सातवी. तिच्या आधीची दोन लेकरं हाताला लागली नाहीत, म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं. मरणानं चव घेऊन बघावी आणि तोंड वाकडं करून निघून जावं. नवरा पुंडलिक नऊ वर्षांपूर्वी गेला. लेक विशाखा शाळेवर शिकवते आणि आईजवळच राहते.

कडूबाईची खोड एकच, प्रश्न विचारायची. डबा चक्कीत रिकामा केला की दहा-बारा मिनिटं हात मोकळे असतात. तेवढ्यात ती गिऱ्हाइकाला चार गोष्टी विचारून घेते. तुमच्यात बाळंतिणीला काय खाऊ घालतात, कोर्टात साक्षीदाराला बसायला खुर्ची देतात का, मेट्रो म्हणजे जमिनीखालनं का वरनं. गिऱ्हाईक नसलं की रद्दीतनं आलेलं काहीही वाचते. वाचता वाचता ती लिहायला लागली, ते मात्र एका व्हिडिओमुळं.

फेब्रुवारीत विशाखा तिला मोबाईलवर दाखवत होती. कुठल्यातरी लांबच्या देशातलं बारकं गाव, रस्त्यानं रणगाडा चाललाय, मागं परक्या फौजेचे शिपाई. सगळं जग रणगाडा बघत होतं.

"थांबव," कडूबाई म्हणाली. "मागं ते दुकान कशाचंय?"

"आई, रणगाडा बघ ना."

"रणगाडा बघितला. दुकानापुढं पोती दिसतात बघ. उंबऱ्यावर पांढरं सांडलंय. गिरणीच असंल ती."

"असू दे की."

"फौज आल्यावर त्या गिरणीवाल्यानं काय केलं असंल?"

"मला काय माहीत?" विशाखा म्हणाली.

तिथनं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी कडूबाईनं दोनशेपानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, चिंचठाण नावाचं गाव आहे, गावाला रेल्वे स्टेशन आहे, बाजार आहे, आणि एक इंजनावर चालणारी पिठाची गिरणी आहे. गिरणी साळूबाई नावाच्या विधवेची. लढाई लागते, परकी फौज येऊन गावात तळ ठोकते. कुठली लढाई, कुठला देश, काही लिहिलं नाय. तिचं म्हणणं, फौज कुणाचीही असो, भूक तीच.

पण किती भूक? तिथं तिची लेखणी अडली. मग तिनं बद्रीनाथला धरलं. बद्रीनाथ म्हणजे फौजेतनं हवालदार म्हणून निवृत्त झालेला गडी, नोकरीतली बरीच वर्षं लंगरात, म्हणजे शिपायांच्या स्वैपाकात गेलेली. आता शेंद्र्याच्या एका कंपनीत गेटवर असतो. दर रविवारी गव्हाचा डबा घेऊन येतो.

"फौजी भाऊ, एक शिपाई दिवसाला किती पीठ खातो?"

"हे कशाला पाहिजे तुमाला?"

"कादंबरीला."

"कादंबरीत प्रेम पाहिजे ताई, पीठ कशाला?"

"प्रेम नंतर बघू. पीठ सांगा."

बद्रीनाथनं डोकं खाजवलं. "रोटी खाणारा असला तर अर्धा किलो धरा. भात खाणारा असला तर कमी. तुमची फौज कुठली?"

"परकी."

"गणवेश कसला?"

"मळलेला."

तो हसला. "मग अर्धा किलोच धरा."

कडूबाईनं तीनशे शिपाई धरले. रोजचं दीड क्विंटल. साळूबाईची इंजनाची गिरणी ते दोन तासांत दळून मोकळी होईल. म्हणजे फौज गिरणी ताब्यात घेणार, डिझेल देणार, दोन तास चालवणार आणि कुलूप लावणार. मग गाव कुठं दळणार? त्यात फौजेनं घराघरातलं धान्य काढून नेलेलं, माणशी मोजून आठवड्याचे थोडे तांदूळ तेवढे द्यायचं ठरवलेलं. ज्यांनी आधीच जमिनीखालच्या पेवात चार पोती दडवली, त्यांच्याकडं दाणे आहेत, पण दाणे काय कच्चे चघळायचे?

कडूबाईनं झटक्यात सोडवलं. बायांनी माळ्यावरनं जुनी जाती काढली आणि पहाटे दळायला बसल्या. त्या प्रकरणावर तिचा लई जीव. ओव्या होत्या, आणि उसासेही होते. विशाखानं ते वाचून डोळे पुसले.

मग आल्या सारजाबाई.

सारजाबाई करमाडच्या, चौऱ्यांशीच्या पुढं. शेती-वाडीवाल्या घरातली म्हातारी. डोळ्यांचं ऑपरेशन करायला नातवाकडं मुकुंदवाडीत आल्या होत्या. फ्लॅटमधी दिवसभर बोलायला कुणी नाय, म्हणून गिरणीत येऊन बसायच्या. डोळ्याला हिरवा कपडा, हातात काठी, आणि जीभ एकदम शाबूत. कडूबाईनं त्यांना ते पहाटेचं प्रकरण वाचून दाखवलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"मेल्या," ती म्हणाली.

"कोण?"

"ह्या तुझ्या बाया. सूर्य उगवायच्या आत धरून नेल्या बघ सगळ्या."

"कशावरून, मावशी?"

"अगं बाई, जातं मुकं असतं का? माझी सासू माहेरी जायची तर गावभर फिरून बाया विचारायच्या, आज तुमच्या घरातलं जातं का वाजलं नाय. आणि ह्या तुझ्या शहाण्या दडवलेलं धान्य दळतात, वरनं गाणी म्हणतात. शिपाई काय बहिरे व्हते?"

 कडूबाई चुकली होती, आणि चूक गिरणीवाल्या माणसाकडनंच व्हावी अशी होती. तीस वर्षं चक्कीच्या शेजारी बसून तिचे कान निम्मे गेलेत. गिऱ्हाईक गप्पा तिच्या कानाशी ओरडून मारतं आणि दळण हातवाऱ्यांनी सांगतं, एक बोट म्हणजे जाड, मूठ वळली म्हणजे बारीक. दळणाला आवाज असतो हे जगात सगळ्यांना माहीत होतं, एक तिला सोडून.

दुसऱ्या कुणी दोन ओळी खोडून टाकल्या असत्या. कडूबाईनं विचारलं, "पण किती घरं लांब जातो आवाज?"

"आता मोजायला कोण गेलं व्हतं?" सारजाबाई म्हणाल्या.

"मग मोजू."

ऑपरेशनची पट्टी निघाली, सारजाबाई गावी परतल्या, आणि पुढच्या रविवारी कडूबाई शटर खाली ओढून विशाखासंगं शेअर रिक्षानं करमाडला. तीस वर्षांत रविवारी गिरणी बंद राहिली ती बुद्धपौर्णिमा सोडून पहिल्यांदाच. सारजाबाईंच्या ओसरीवर जातं धुऊन-पुसून मांडलेलं होतं. म्हातारीनं पदर खोचला, खुंटा धरला आणि ज्वारीची मूठ टाकली. चौऱ्यांशीचा हात, पण जातं असं फिरलं की विशाखानं मोबाईल काढला. कडूबाई म्हणाली, "फोटो नंतर. तू चाल." आईला ऐकू कमी येतं, म्हणून कान लेकीचे वापरायचे ठरलं होतं. विशाखा गल्लीनं चालत जायची, प्रत्येक घराशी थांबायची आणि फोनवर सांगायची.

"तिसरं घर. येतंय."

"पाचवं घर. येतंय."

"आई, इथं एक काका विचारतात काय चाललंय."

"सांग जातं ऐकतोय."

"सांगितलं. ते म्हणतात जात्याला अनुदान आलंय का."

"नाय म्हणावं. चाल पुढं."

"सातवं घर. बारीक येतंय, पण येतंय. आता मागं चार माणसं लागलीत माझ्या. फॉर्म कुठं भरायचा म्हणतात."

सारजाबाई जातं ओढता ओढता इतक्या हसल्या की खुंटा सुटला. पुन्हा धरला. आणि मग फोनवर विशाखा म्हणाली, "आता नाय येत."

"कितवं घर?"

"तेच. सातवंच. आत्ता येत होतं, आता बंद झालं."

"मावशी तर दळतायत."

"अगं, ट्रॅक्टर आलाय इथं. चालूच ठेवून उभा केलाय."

कडूबाईनं फोन कानापासनं काढला. विशाखा परत आली तेव्हा आई ओसरीवर जात्याशेजारी बसून वहीत भराभरा लिहीत होती, आणि सारजाबाई म्हणत होत्या, "हिला च्या द्या रे कुणी, बाई पेटलीय."

आता नीट ऐका, कारण कादंबरी इथं खरी सुरू झाली.

इंजनाची जुनी गिरणी तुमच्यापैकी ज्यांनी ऐकलीय त्यांना माहीत आहे. पुक-पुक-पुक, अख्ख्या शिवारात ऐकू जायची. साळूबाईची गिरणी चालू असली की चिंचठाणात घराघरातलं जातं फिरलं तरी शिपायाला पत्ता लागणार नाय. पण फौजेचं दळण दोन तासांचं, आणि जात्यावर एका घराचं भागवायला पुरता तास जातो. त्यात एका जात्यावर चार-पाच घरं. म्हणजे गिरणी चार-पाच तास चालली पाहिजे. साळूबाईनं दोन तासांचं काम पाच तासांवर कसं न्यायचं?

हे बाहेरच्या लेखकाला सात जन्मात जमलं नसतं. कडूबाईला जमलं, कारण खोळंबा कसा करायचा हे गिरणीवाल्याइतकं कुणाला कळत नाय. साळूबाई फौजेच्या अंमलदाराला सांगते, गहू ओला आहे, सावकाश सोडावा लागतो. पट्टा घसरतोय. दगड तापलाय, असंच दळलं तर पीठ जळेल आणि तुमच्या रोट्यांना वास मारेल. मग वरचा दगड उचलून ठेवते आणि इंजन मोकळंच चालू ठेवते. इंजन बंद केलं तर परत धरायला तास जातो, साहेब. डिझेल फौजेचंच. अंमलदार खूश, म्हणतो, बाई किती मन लावून काम करते. बायांमध्ये कानोकान निरोप फिरतो, इंजन चालू आहे तोवर दळा. पुरुषांना ताटातली भाकर दिसते, इंजन त्यासाठी मुद्दाम चालू ठेवलंय हे माहीत नसतं.

चार महिन्यांनी फौज जाते. गावातले पुरुष साळूबाईच्या दारात उभे राहतात. फौजेचं दळण दळलं, तेही दुप्पट वेळ, हौसेनं. गद्दार. तिच्या गिरणीवर कुणी डबा टाकायचा नाय असं ठरतं. आणि ज्या बायांनी तिच्या आवाजाखाली दळलं, त्या गप्प राहतात. कारण तोंड उघडलं तर पेवाचंही सांगावं लागतं. त्याच गल्लीत पेव नसलेली घरंही होती, त्यांची लेकरं उपाशी झोपत होती, आणि शेजारणीच्या घरात पीठ होतं. तेवढं सांगायची कुणाचीच छाती होत नाय. गिरणी बंद पडते. कादंबरी संपते.

सहा वह्या भरल्या. विशाखानं सगळ्या टाईप केल्या आणि औरंगपुऱ्यातल्या एका प्रकाशकाला दिल्या. नाव घेत नाय, माणूस वाईट नाय. त्यानं बोलावून घेतलं, चहा सांगितला, आणि म्हणाला, "भाषा अगदी अस्सल आहे." शहरातल्या माणसानं आपल्या बोलीला अस्सल म्हटलं की समजून घ्यायचं, पुढं काहीतरी कापायचंय.

"फक्त शेवट बदला," तो म्हणाला. "तुमची नायिका शत्रूला दळून देते आणि शेवटी गद्दार ठरते. वाचक हे स्वीकारणार नाही, कडूबाई. तिला काहीतरी करू द्या. शेवटच्या दिवशी पिठात विष घालू द्या. फौज संपते, ती अमर होते. पंधरा दिवसांत बदलून द्या, दिवाळीनंतर पुस्तक काढतो."

"आणि नाय बदलला तर?"

"मग अवघड आहे."

विशाखाचं डोकं तिथंच फिरलं, पण आईनं तिचा हात दाबला. कडूबाईला राग उशिरा येतो. आधी प्रश्न येतो. पुस्तक निघावं असं तिला मनापासून वाटत होतं. सत्तावन्नाव्या वर्षी पुठ्ठ्यावर आपलं नाव बघायला कुणाला नको? तिनं सोमवारी नवीन वही घेतली आणि विष घालून बघायला बसली.

कुठलं विष? उंदराचं. कधी मिसळायचं? शेवटच्या पोत्याच्या गव्हात, कारण पीठ पडायला लागलं की शिपाई समोर उभाच असतो. इथपर्यंत हात सरळ चालला. मग फौजेचं पीठ झालं, पोतं शिवलं, शिपायांनी नेलं. पुढं?

पुढं कडूबाईनं समोरच्या चक्कीकडं बघितलं. दळण संपलं म्हणून दगडांमधलं पीठ संपत नाय. दोन दगडांच्या मधी, खालच्या कापडी नळीच्या घडीत मूठ-दोन मूठ राहतं, आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. जगातली कुठलीही गिरणी घ्या. फौजेच्या पोत्यातलं विष मूठभर का होईना गावातल्या पहिल्या डब्यात जाणार. कुणाचा असंल तो डबा? कुणाचाही.

ती मूठ कडूबाईला चांगली माहीत आहे. तीस वर्षांपूर्वी पुंडलिकनं आणि तिनं ही गिरणी टाकली तेव्हा वरच्या गल्लीतल्या बाया दारात डबा धरून विचारायच्या, "आधी कुणाचं दळण झालं?" जयभीमवाल्यांच्या घरचं झालं म्हटलं की आपल्यातली मूठभर ज्वारी काढून द्यायच्या. ही आधी टाका, ते पीठ फेकून द्या, मग आमचं दळा. कडूबाईनं दोन वर्षं ती मूठ फेकली, तोंडातनं शब्द न काढता. तिसऱ्या वर्षी एका सकाळी म्हणाली, "आजपासनं मूठ फेकायची नाय. पटत असंल तर डबा ठेवा, नाय तर उचला." पाच-सहा जणींनी उचलला. महिन्याभरात चारजणी परत आल्या, कारण दुसरीकडचं पीठ जाड यायचं. आज सगळ्यांच्या डब्यात सगळ्यांची मूठ असते आणि कुणी विचारत नाय. तेवढी एक गोष्ट तिनं आयुष्यात मिळवली, आणि हा गृहस्थ म्हणतो, पिठात विष घाला.

आता आला राग. तिनं फोन लावला.

"विष नाय घालणार, साहेब. साळूबाईला माहीत असणार ना, पुढच्या डब्यात उतरतं ते."

"वाचकाला एवढं बारीक कळत नाही, बाई."

"डबा घेऊन येणाऱ्या एकूण एक बाईला कळतं."

"त्या पुस्तकं विकत घेत नाहीत."

"तुम्ही त्यांच्यासाठी काढलं कधी?"

 मग तो म्हणाला, "असं करा. तुमचा शेवट वाचून मनापासून उत्तर देणारे पंचवीस वाचक दाखवा. नुसतं कौतुक नको. मी आहे तसं छापतो. दिवाळीपर्यंत थांबतो."

विशाखाला वाटलं, टोलवलं त्यानं. कडूबाईला तसं वाटलं नाय. तिनं सहावी वही खुर्चीशेजारच्या खिळ्याला टांगली, दोरीनं पेन बांधला, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: तुम्ही चिंचठाणातल्या पेववाल्या बाई असता, तर गावापुढं उभं राहून साळूबाईच्या बाजूनं बोलला असता का? दळण होईपर्यंत लोक शेवटचं प्रकरण वाचतात. आत्तापर्यंत एकोणीस जणांनी लिहिलंय. आठ जणांनी "लई छान". चार जणांनी "अभिनंदन, पुढील वाटचालीस शुभेच्छा". बद्रीनाथनं "मी अंमलदार असतो तर दुसऱ्या दिवशीच ओळखलं असतं" असं लिहिलंय, जे कुणी विचारलं नव्हतं. बाकीच्यांनी साळूबाईची कीव केलीय. प्रश्नाला हात लावला एकटीनं. तपासणीला म्हणून सारजाबाई पुन्हा शहरात आल्या, विशाखाकडनं शेवट ऐकला आणि लिहिता येत नाय म्हणून अंगठा दिला. अंगठ्याच्या वर त्यांचं उत्तर विशाखाच्या अक्षरात आहे: "मी गप बसले असते. घरात सासू व्हती, दीर व्हते. गपच बसले असते."

कडूबाईनं ते वाचून वही परत खिळ्याला टांगली. "हे एक झालं," ती लेकीला म्हणाली. "चोवीस राहिले."

तर आता तुमचं काम. युद्धाचे व्हिडिओ दोन दिवस बंद ठेवा आणि मुकुंदवाडीत जा. स्टेशनाच्या गल्लीत कुणालाही कडूबाईची गिरणी विचारा. सहावी वही मागून घ्या, शेवटचं प्रकरण उभ्या उभ्या वाचा, दहा-बारा मिनिटं लागतात. आणि कोऱ्या पानावर लिहा, बोलला असता का गप्प बसला असता, आणि का. खाली पूर्ण नाव टाका. "लई छान" लिहू नका. खरं काय ते लिहा.